कारखान्याच्या रंगाची बाथरूम

१२ मार्च २००३, बुधवार. सकाळपासून मी दुकानातले ऑइल पेंटचे डबे उलटे करत होते. बाहेरच्या माणसाने हे काम पाहिलं तर बाई बिघडली की काय असं त्याला वाटेल, पण त्यात विशेष काही नाही. डबा महिनोन्‌महिने एकाच बाजूवर उभा राहिला की रंग तळाला बसतो आणि वर नुसतं तेल तरंगतं. मग गिऱ्हाईक घरी जाऊन डबा उघडतं आणि दुकानदाराच्या नावाने शंख करतं. म्हणून अधूनमधून सगळे डबे पालथे घालायचे. ही तारीख मला पाठ आहे, कारण पुढचे काही आठवडे जो तो मला तीच विचारत होता आणि मी कोर्टात साक्ष दिल्यासारखी तीच सांगत होते.

निम्मे डबे झाले असतील, तेवढ्यात सुरेखा आली. केडगावच्या अलीकडे एक वाडी आहे, तिथली ही सून. हातात पिशवी, डोक्यावर पदर, आणि चेहऱ्यावर घरून एकटी निघून आल्याचा आनंद.

"वहिनी, बाथरूमला कलर पायजे."

"कोणता?"

"थंड."

रंगाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला असल्या उत्तराचं काही वाटत नाही. मी शिरूरला चुलतसासऱ्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायला लागले ती नव्वद सालानंतर. खिळे, बिजागऱ्या आणि चुन्याची पोती यांच्या मागे रंगाचं एक कपाट होतं. त्याकडे कुणी फिरकत नव्हतं, म्हणून ते मला दिलं. पुढे आमच्या ह्यांची, म्हणजे शिक्षक असलेल्या माझ्या नवऱ्याची, दौंडला बदली झाली आणि मी दौंडच्या बाजारात स्वतःचं रंगाचं दुकान टाकलं. लोक 'रंगवाल्या वहिनी' म्हणू लागले. तोपर्यंत मला एक गोष्ट पक्की कळली होती. घरातल्या कुठल्याही खोलीपेक्षा बाथरूमच्या रंगावरून जास्त भांडणं होतात.

याचं कारण साधं आहे. बाकीच्या खोल्यांना रीत असते. बाहेरची खोली गुलाबी नाहीतर फिकट हिरवी, स्वयंपाकघर पिवळं, देवाचा कोनाडा ज्याच्या त्याच्या देवाप्रमाणे. पण आंघोळ लोक इतकी वर्षं घरामागे करत होते, दगडावर उभे राहून, तीन बाजूंना पत्रा आणि चौथ्या बाजूला गोणपाट. त्याला रंग कुठला असणार? नव्वदनंतर आमच्या भागात हातात पैसा आला तशी आंघोळ घरात आली. छातीपर्यंत टाइल्स बसल्या आणि टाइल्सच्या वर छतापर्यंत जी भिंत उरली, तिला कोणता रंग द्यायचा हे आजवर कुणीच कुणाला शिकवलं नव्हतं. सासूलाही माहीत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना बोलायला मोकळं रान मिळालं.

शिरूरला असताना निमोण्याचा एक बागायतदार नमुना म्हणून साबणाची वडी घेऊन आला होता. बायकोने बजावलं होतं, अगदी हाच रंग आणा. मी साबणाला जुळवून रंग करून दिला. महिन्याभराने तो परत आला, हातात नवी वडी. कंपनीने साबणाचा रंग बदलला होता. "आता भिंत आन् साबण येगळं दिसतंय, ती आंघुळीला जाईना," म्हणाला. मी त्याला जुन्या वड्यांचा साठा करून ठेवा असं सांगितलं. गल्लोगल्ली फिरून त्याने तो केला म्हणे.

दुसरे एक हेडमास्तर. त्यांना डाग न दिसणारा रंग हवा होता. मी नको म्हणत असताना त्यांनी गडद चॉकलेटी नेला. बोअरचं पाणी आमच्याकडे इतकं जड, की भिंतीवर शिंतोडे वाळले की पांढरी क्षारांची रांगोळी उमटते. दोन महिन्यांत त्यांची बाथरूम रात्रीच्या आभाळासारखी दिसू लागली. म्हणून मी सगळ्यांना सांगते, बाथरूमला फार गडद नको, अगदी पांढराही नको. डिस्टेंपर तर मुळीच नको, वाफेने पापुद्रे सुटतात. ऑइल पेंट घ्या, आणि मधला काहीतरी रंग घ्या.

तर सुरेखा. तिच्या सासऱ्यांना सगळे तात्या म्हणत. तात्या आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात आयुष्यभर स्टोअरकीपर होते. कारखान्याचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. दोन वर्षांपूर्वी रिटायर होऊन ते वाडीवरच्या घरी राहायला आले होते. मुलगा दिलीप एमआयडीसीत कामाला. त्याने घरामागची पत्र्याची मोरी पाडून आत नवी बाथरूम बांधली. ठोकाठोक आणि धूळ नको म्हणून तात्या निमोण्याला मुलीकडे जाऊन राहिले होते. ते यायच्या आत रंग करून टाकायचा होता.

"थंड म्हणजे कसा?" मी विचारलं.

"हिरवा न्हाई. निळा बी न्हाई. बघितला की पाणी आल्यावानी वाटलं पायजे."

मी कार्ड पुढे केलं. तिने बोट ठेवलं ते एका हिरवट-निळसर-राखाडी चौकोनावर. माझ्याकडे तो तयार डब्यात नव्हता. गंमत म्हणजे शिरूरला हा रंग चांगला खपायचा, पण दौंडला दुकान टाकल्यापासून एकानेही तो मागितला नव्हता, म्हणून मी ठेवायचं बंद केलं होतं. असं का, हा विचार मी केला नाही. गिऱ्हाईक मागत नाही ते ठेवायचं नाही, एवढाच माझा विचार.

तयार नसला तर बनवायचा. पांढऱ्या ऑइल पेंटमध्ये स्टेनर घालायचं. स्टेनर म्हणजे छोट्या बाटलीतला घट्ट, कडक रंग. थेंबावर काम चालतं. हिरवा घातला, निळा घातला, वर काळ्याचा एक ठिपका. काठीने ढवळत गेले आणि सुरेखा डब्यात वाकून बघत राहिली.

"आजून वाईच राखाडी," ती म्हणाली. मग, "बास. ह्योच."

"कुठे बघितलाय का हा?"

"आसंल कुठंतरी," म्हणाली आणि डबा घेऊन गेली.

माझे नेहमीचे पेंटर सलीमभाई. त्यांचं घराणं दौंडमधलं जुनं. वडील पाट्या रंगवायचे, हे घरं रंगवतात. ते नेमके त्या आठवड्यात पुतणीच्या लग्नाला शिरूरला गेले होते. म्हणून मी उत्तरेकडून आलेला एक पेंटर पाठवला. हात स्वच्छ, काम झटपट, आणि इथलं काहीही माहीत नाही. दोन दिवसांत त्याने बाथरूम रंगवून दिली.

सलीमभाई लग्नाहून आले आणि त्याच घराचे दरवाजे रंगवायला वाडीवर गेले. संध्याकाळी दुकानात येऊन रिकाम्या ड्रमवर बसले, चहा मागवला, निम्मा पिऊन झाल्यावर म्हणाले,

"वहिनी, तुम्ही तात्याच्या बाथरूममधी कारखाना घुसवला."

"म्हणजे?"

"तो कलर. कारखाना कलर हाय तो."

मग त्यांनी मला शहाणं केलं. कारखान्याची कॉलनी, वजनकाट्याची केबिन, कँटीनची बाकं, पाण्याची टाकी, शाळेचं फाटक, सगळं त्याच एका रंगाचं. वर्षानुवर्षं तोच रंग ड्रमच्या ड्रम यायचा. आजूबाजूच्या गावांत कुणाच्या घरी त्या रंगाची खिडकी जरी दिसली, तरी लोक एकमेकांकडे बघून हसायचे. डबा कुठून आला हे विचारायचं कामच नव्हतं. त्यामुळे या पट्ट्यात कुणीही इमानदार माणूस तो रंग विकत घेत नसे. आणि मी, तो रंग इथे का खपत नाही याचा विचारही न करता, काठी हलवत बसले होते.

"आन् तात्या कोण व्हते, म्हाईत हाय ना?" सलीमभाई म्हणाले. "त्या रंगाच्या ड्रमांची किल्ली त्यांच्या कंबरंला व्हती."

सुरेखाला तो रंग का आवडला तेही मग कळलं. लग्नानंतरची पहिली वर्षं ती कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहिली होती. माहेरी विहिरीवरून पाणी आणायची, क्वार्टरमध्ये नळ होता. नळामागची भिंत त्या रंगाची. पाणी आल्यासारखं वाटलं पाहिजे म्हणाली होती, ते तिला खरोखर वाटत होतं.

तात्या निमोण्याहून आले. हातपाय धुऊन, खांद्यावर टॉवेल टाकून कौतुकाने नव्या बाथरूममध्ये शिरले आणि कोरड्या अंगाने बाहेर आले. टॉवेल तसाच खांद्यावर ठेवून रानात गेले आणि मोटारीच्या पाइपाखाली आंघोळ करून आले. दुसऱ्या दिवशीही तेच. घरात कोरी करकरीत बाथरूम असताना म्हातारा माणूस उघड्यावर आंघोळ करतोय म्हटल्यावर जे बघायला आले नसते तेही बघायला आले. सुरेखाने चहा केला, लोकांनी चहा पिता पिता बाथरूम पाहिली आणि बाहेर जाऊन सांगितलं.

त्यात सगळ्यात पुढे गुलाबआप्पा. हे त्याच कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. नोकरीभर त्यांनी तात्यांकडे एक पेन्सिल मागितली तरी तात्या सही केलेली चिठ्ठी मागायचे, त्याचा राग आप्पांनी जपून ठेवला होता. ते बाथरूमच्या दारात उभे राहून म्हणाले,

"तात्या, उशिरा का व्हईना, सुरवात केली म्हनायची."

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण नेमकं तेव्हाच वाडीवर भैरवनाथाच्या देवळापुढे सभामंडप बांधायचं काम निघालं होतं. सिमेंट, सळई, फरशी, रंग, सगळं एका खोलीत येऊन पडणार होतं आणि त्या खोलीची किल्ली कुणाकडे द्यायची हे येत्या रविवारी ठरायचं होतं. महिनाभर सगळे तात्यांचंच नाव घेत होते. दुसरं कुणी नावही सुचवलं नव्हतं. रिटायर झाल्यापासून कंबरेला किल्ली नसलेला तो माणूस त्या रविवारची वाट बघत होता, आणि आता लोक म्हणू लागले, जरा थांबू, घाई काय.

सुरेखा रडवेली होऊन दुकानात आली. "वहिनी, दुसरा कलर मारून टाकू. गुलाबी मारा न्हाईतर कायबी मारा."

ड्रमवरून सलीमभाई म्हणाले, "आता बदलला तर लोक म्हंत्याल, पुरावा झाकला."

"मग ऱ्हाऊ दे तसाच?"

"ऱ्हाऊ दिला तर म्हंत्याल, लाज बी न्हाई."

मला असल्या गोष्टींचा कंटाळा येतो. एका भिंतीचा प्रश्न आहे, एका भिंतीने सोडवायचा. मी स्कूटीवर बसून वाडीवर गेले. तात्या ओसरीवर लसणाच्या जुड्या बांधत बसले होते. जुड्या सगळ्या एका मापाच्या, कुणीतरी मोजायला येणार असल्यासारख्या.

"तात्या, रंग मी बनवलाय. माझ्या हातानं, माझ्या दुकानात, बारा मार्चला."

"म्हाईत हाय मला. सूनबाईनं सांगितलं."

"मग तुम्ही बाहेर कशाला आंघोळ करताय?"

"मला म्हाईत असून काय उपेग? गावाला म्हाईत पायजे."

"मी पावती देते. दाखवा सगळ्यांना."

"पावती चोर दाखवतो, वहिनी."

त्यांनी एक जुडी बांधून बाजूला ठेवली. "कॉलनीतल्या बायका वाटी घिऊन यायच्या. पोराच्या पाळण्याला द्या, पाटाला द्या, वाईच द्या. मी दिला न्हाई. आमच्या हिनं ट्रंकेला मागितला व्हता. तिलाबी न्हाई दिला. ट्रंक गंजून गेली, आन् ती मला शेवटपर्यंत ऐकवत ऱ्हायली. आन् आता तिच्या माघारी घरात त्योच रंग."

"ट्रंकेला बाजारातून दुसरा डबा आणायचात."

"आणला व्हता. लाल. तिला लाल नगं व्हता."

रविवार आला. देवळाच्या कामाचे प्रमुख म्हणजे वाडीवरचे वडीलधारे, आबा. आबांना भांडण आवडत नसे आणि उशीरही आवडत नसे. ते म्हणाले, पारावर बसून किती बोलायचं, एकदा जाऊन बघू, संपवून टाकू. मला साक्षीला बोलावलं. मी मनाशी ठरवूनच गेले होते की आज हे मिटवून यायचं. कसं, तेही ठरवलं होतं.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते. रंग हा स्वतःचा नसतो, उजेडाचा असतो. दुकानात ट्यूबखाली पसंत केलेला रंग घरी पिवळ्या बल्बखाली वेगळा दिसतो, म्हणून लोक आमच्याशी भांडायला येतात. बल्बचा पिवळा उजेड निळसर रंगातला निळा पिऊन टाकतो. त्यात ऑइल पेंट जुना झाला की तो आपणहून पिवळट पडतो. म्हणजे एकच रंग नवा आणि जुना शेजारी ठेवला आणि वर बल्ब लावला, तर ते सख्खे भाऊ आहेत हे कुणी ओळखणार नाही. गुलाबआप्पा कारखान्याच्या रंगाचा नमुना आणणार आहेत हे मला सलीमभाईंकडून कळलं होतं. नमुना जुना असणार हे उघड होतं.

पाच बाय सातची ती बाथरूम. आत आबा, तात्या, गुलाबआप्पा, सलीमभाई आणि मी. बाकीचे दारात एकमेकांच्या खांद्यावरून बघत. दिलीप नव्या टाइल्सवर चपला नकोत म्हणून सगळ्यांना विनवत होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. गुलाबआप्पांनी काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं होतं. त्यांनी पोतं सोडलं. आतून एक लाकडी स्टूल निघालं.

"ह्यो घ्या वरिजनल," आप्पा म्हणाले आणि स्टूल भिंतीला लावून ठेवलं.

मी खिडकीचं दार लोटलं, थंडपणे "नीट दिसू दे" म्हणाले आणि बल्ब लावला.

जसं व्हायचं तसंच झालं. स्टूल वाळल्या वाटाण्यासारखं दिसू लागलं आणि भिंत ताज्या पानासारखी. आबा वाकले, चष्मा वर-खाली केला.

"आरं, ह्यो तर येगळाच दिसतोय की."

"लईच येगळा," दारातून कुणीतरी म्हणालं. उशीर सगळ्यांनाच नको होता.

गुलाबआप्पा स्टुलाकडे असे बघत होते, जसा काही त्याने ऐनवेळी दगा दिला होता. मी पदर खोचून निघायच्या तयारीत होते. सगळं पाच मिनिटांत आटोपलं होतं.

तेवढ्यात तात्यांनी बल्ब बंद केला. खिडकी उघडली. बादलीत टॉवेलचं टोक बुडवून स्टुलाची बैठक घसाघसा पुसली, वरचा पिवळट मळ बराचसा निघाला, आणि स्टूल उचलून खिडकीच्या उजेडात भिंतीला टेकवलं. थोडा वेळ बघितलं. मग म्हणाले,

"त्योच हाय. एका ड्रममधला वाटावा असा."

सलीमभाईंनी कपाळाला हात लावला.

"स्टोअरला ड्रम आला की मी तो बाहीर अंगणात उजेडात उघडायचो," तात्या म्हणाले. "बल्बखाली कवा पास केला न्हाई. बल्बखाली कोणीबी कायबी खपवंल." मग माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमाला हे म्हाईत आसंल."

मी नळाकडे बघितलं. नळ नवीन होता, चांगल्या कंपनीचा होता.

आबांनी विचारलं, "म्हंजी कारखान्याचाच रंग म्हना की."

"कारखान्यासारखा. कारखान्याचा न्हाई. रंग त्योच, माल येगळा. तुमाला पटलं तर बघा. न्हाई पटलं तर किल्ली दुसऱ्याला द्या, माझं काय म्हननं न्हाई. पर रंग येगळा हाय, असं मी म्हननार न्हाई. मला डोळं हायती."

आबांनी बंडीच्या खिशात हात घातला, कुलूप आणि किल्ली बाहेर काढली, ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून स्टुलावर ठेवली.

"दुसरा कोन घेनार ही," ते म्हणाले. "ह्या मानसाकडं किल्ली आसल्यावर आपुन सिमेंटचं पोतं बी मोजून बघायचं न्हाई. उचला, तात्या."

तात्यांनी किल्ली उचलली नाही. ते स्टुलाकडेच बघत होते.

"आप्पा, हे स्टूल कुठलं?"

"लिलावातलं," गुलाबआप्पा म्हणाले.

"कुठल्या लिलावातलं?"

"झाला आसंल की एखांदा."

"भंगाराचा लिलाव मी करायचो. लोखंड निघालं, पोती निघाली, टायरी निघाल्या. लाकडी स्टूल कवाच निघालं न्हाई." तात्यांनी कुलूप-किल्ली एका हातात घेतली आणि दुसऱ्या हाताने स्टूल उलटं केलं. एका पायाला पत्र्याची पट्टी ठोकलेली होती. "हे काट्यावरचं. डुगडुगतंय म्हनून तुमीच तक्रार केली व्हती. पट्टी मी ठोकून दिली. चिठ्ठीवर सही घिऊन."

आधी दारातले लोक हसले. मग आबा हसले आणि हसता हसता बाहेर गेले, कारण आत वाकायला जागा नव्हती. गुलाबआप्पा मात्र गंभीर होते.

"रिटायर झालो त्या दिवशी सायबांनी बसायला दिलं व्हतं," ते म्हणाले. "मी उठलो, तेबी उठलं. पार घरापतूर आलं."

"मग उद्या गेटपतूर जाऊ दे," तात्या म्हणाले. "पोचतं करा."

किल्ली त्यांनी कंबरेच्या करगोट्याला बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली. सुरेखा स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती, ती पुढे येऊन म्हणाली, "मामंजी, मग कलर बदलायचा का?"

"कशापाय? चांगला हाय. एक हात कमी बसलाय तेवढा. तिकडं तीन हात द्यायचे." हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. मी तिसऱ्या हाताचा रंग पाठवून देते म्हणाले. त्यांनी त्याचा डबा दुकानातून रीतसर विकत आणला, मी भेट देऊ केला असता तर त्यांनी तो परत केला असता हे मला कळत होतं. त्या संध्याकाळी त्यांनी नव्या बाथरूममध्ये पहिली आंघोळ केली. सुरेखाने सांगितलं, दोन बादल्या झाल्या तरी बाहेर येईनात.

सोमवारी सकाळी मला कारखान्याच्या बाजूला एका बांधकामावर प्रायमर पोचवायचा होता. सलीमभाईंच्या तीनचाकी टेम्पोत डबे चढवत होतो, तर गुलाबआप्पा हजर. काखेत पोतं.

"वहिनी, तिकडं चाललाय तर मला बी न्या. येष्टीत हे घिऊन बसलो तर सगळे वळखीचे भेटत्याल."

पुढे जागा नव्हती. ते मागे डब्यांमध्ये बसले, आणि बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्याच स्टुलावर बसले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मागून काहीतरी पुटपुटणं ऐकू येई.

गेटवर उसाच्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग. वॉचमन नवीन, विशीतला, इस्त्रीच्या गणवेशात. आप्पांनी पोतं सोडून स्टूल पुढे केलं आणि अवघडून म्हणाले, "हे तुमचं हाय. परत द्यायचंय."

वॉचमनने स्टूल बघितलं, आप्पांना बघितलं, मला बघितलं. "बाहेर कवा गेलं व्हतं?"

"गेलं व्हतं कवातरी."

"गेटपास?"

"न्हाई."

"बाहेर गेल्याची नोंद न्हाई, तर ते बाहेर गेलंच न्हाई," तो म्हणाला. "जे बाहेर गेलंच न्हाई ते मी आत कसं घेऊ? स्टोअरमधी हिशोब जास्त भरंल. माझी नोकरी जाईल."

"आरं बाबा, वजनकाट्यावरचं हाय."

"काट्यावर आता प्लास्टिकच्या खुर्च्या हायती." आणि तो मागच्या ट्रॅक्टरला हात दाखवायला गेला.

आप्पांनी स्टूल परत टेम्पोत ठेवलं. मग म्हणाले, "वहिनी, मला इथंच एकाकडं काम हाय," आणि रस्ता ओलांडून समोरून आलेल्या जीपमध्ये चढले. ही जीप कुठे चालली आहे हेही त्यांनी विचारलं नाही. स्टूल टेम्पोत राहिलं.

प्रायमर पोचवून आम्ही परत दौंडला आलो. सलीमभाईंनी स्टूल उतरवून दुकानापुढे पायरीवर ठेवलं आणि ते कामावर गेले. मी कुलूप काढत होते. रस्त्याने जाणारा एक माणूस थांबला, सायकलवरून एक पाय टेकला, स्टुलाकडे बघितलं, मग दुकानाच्या पाटीकडे, मग माझ्याकडे, आणि नुसता हसून निघून गेला.

मी स्टूल आत ओढलं, शटर निम्मं खाली घेतलं, आणि बोहनी व्हायच्या आधी त्याला चॉकलेटी रंगाचे दोन हात मारले.